चारही टायर

स्कूटीचं पंक्चर निघेपर्यंत नंदिनी वर्ध्याच्या त्या टायरच्या दुकानात बाकावर बसून होती. बाहेर पाऊस कोसळत होता. तेवढ्यात एक म्हातारं जोडपं गाडीतून उतरून आत आलं. बाई नंदिनीशेजारी टेकल्या आणि काका दुकानदाराशी बोलू लागले.

"बेटा, पाण्यात घसरणार नाई असे टायर दाखव. काल येतानी पुलावर ब्रेक मारला त गाडी आडवीच झाली. हिले हप्त्यातून तीनदा डायलिसिसले न्या लागते."

"काका, तुमचे टायर पार गुळगुळीत झाले. हे घ्या. याच्या खाचा खोल हायेत, पाणी बाहेर फेकते. चारही बदला. मंग पाच वर्सं पाहाचं काम नाई."

"पाच वर्सं?" बाई पहिल्यांदाच बोलल्या. "अवो, मंग दुसरे पाहा. हलके, सस्तातले."

"काऊन?"

"मले कुठं पाच वर्सं जाचं हाय? डाक्टरनं काल तुमच्यासमोरच सांगतलं ना."

"डाक्टरले काय समजते!"

"त्याले नसन समजत, मले समजते. आता बसल्या जागीच दम लागते."

"चूप राह्य, सुलोचना. लोकं ऐकून राह्यले."

नंदिनीनं मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.

बाईही बाहेरच्या पावसाकडे पाहत होत्या. मग बाईच दुकानदाराला म्हणाल्या, "लाव बाबा, हेच लाव. चारही."

"आता कशी तयार झाली तू?"

"एक दिवस दवाखान्यातून तुमाले एकट्यालेच वापस या लागन. त्या दिवशी असंच पाणी असलं त?"

काकांनी गाडीची किल्ली दुकानदाराच्या हातात दिली.