आईच्या चारशे पायऱ्या

ताई : सातची बोट अजिबात नको. सकाळी तिचा गुडघा आखडलेला असतो. अर्धा तास शेक दिल्याशिवाय ती बाथरूमपर्यंतसुद्धा सरळ चालत नाही.

छोटी : मग नऊची घेते. बघ, म्हणूनच आले तुझ्याकडे. आईला बेटावर न्यायचं आणि तिच्या फिजिओथेरपिस्टला विचारायचं नाही, असं कसं चालेल?

ताई : फिजिओथेरपिस्टला विचारायला आलीस होय. मला वाटलं, बहिणीला.

छोटी : शब्दात पकडू नको ना, ताई. दोघींना विचारतेय. आणि कोपर उचल, नकाशा चुरगळतोय.

ताई : हे पेशंटला झोपवायचं टेबल आहे, नकाशे पसरायचं नाही. चारला ते खांदेवाले ड्रायव्हरकाका यायचेत. तोवर आवर काय ते.

छोटी : आवरते. पहिल्या दिवशी धक्क्यावर उतरायचं, खोलीत सामान टाकायचं, संध्याकाळी किनाऱ्यालगतचं खालचं देऊळ. तिथे पायऱ्या नाहीतच. दुसऱ्या दिवशी झाडीतून वळसा घालून जाणारी पायवाट. दीड तासाची आहे, पण सगळी सावलीची. आणि तिसऱ्या दिवशी डोंगरमाथ्यावरचं वरचं देऊळ.

ताई : खोली कितव्या मजल्यावर?

छोटी : दुसऱ्या. समुद्र दिसतो तिथून.

ताई : तळमजल्यावरची घे. बेटावर समुद्र काय, कुठूनही दिसेल.

छोटी : बरं, तळमजला. आणखी?

ताई : कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, ते विचार. एक उशी जास्तीची माग, पोटरीखाली घ्यायला. आणि ते लाल बूट नेऊ नकोस.

छोटी : का? लागतात का तिला?

ताई : मी काळे करून घेतलेत तिच्यासाठी. पावलाचं माप देऊन, आत वेगळा तळवा बसवून. आठ महिने गुपचूप घालत होती. तुझं पार्सल आलं आणि काळे गेले खाटेखाली. तीन दिवस घरात लाल बूट घालून तुरुतुरु फिरतेय. भाजी निवडायला बसते, तरी पायात बूट.

छोटी : आवडले म्हणजे.

ताई : आवडणारच. तू पाठवलेले ना. तू दिलेला टॉवेल कपाटात घडी घालून ठेवते आणि मी आणलेल्याने ओटा पुसते.

छोटी : किती लागेल असं बोलतेस गं. यात माझा काय दोष?

ताई : दोष कुणाचाच नाही. मला ही बेटाची बातमी कुणाकडून कळली माहीत आहे? पोस्टातल्या काकूंकडून. त्यांची कंबर शेकत होते, तर म्हणतात, आई बेटावर चालल्यात म्हणे, मजा आहे बाई. मी म्हटलं, हो ना. दात काढून हसले. शेकाची पिशवी हलवायचीच विसरले. चटका बसला बिचारीला.

छोटी : आईने मला महिन्यापूर्वी फोनवर सांगितलं. मला वाटलं, तुला आधीच ठाऊक असणार.

ताई : मी तिच्या शेजारच्या खोलीत राहते. मला सांगायला फोनसुद्धा लावावा लागला नसता.

छोटी : ती काय म्हणाली ते तरी ऐक. म्हणाली, समुद्र खालून खूप बघितला, एकदा वरून बघायचाय.

ताई : असं म्हणाली?

छोटी : अगदी असंच.

ताई : मला असलं काही म्हणत नाही ती. मला विचारते, आज किती झाले, संपलं का.

छोटी : आणि मला काय म्हणते ते ऐकायचंय? अर्धा तास नुसतं तुझं पुराण. ताई म्हणते पाणी जास्त पी. ताईने एका आजोबांना दोन महिन्यांत चालतं केलं. ताईच्या हाताला गुण आहे. मला बढती मिळाली ते सांगायला फोन केला, तर छान म्हणाली आणि लगेच तुझ्याकडे नवीन मशीन आलं त्याची गोष्ट. मी ऐकत बसले, त्या मशीनला किती बटणं आहेत ते. मला काय वाटत असेल? तुझ्याकडे ती बारा महिने आहे, ताई. मला चार दिवस हवेत.

ताई : बारा महिने आहे म्हणजे काय आहे, सांगू? शेक, पट्टी, गोळी घेतलीस का, गुडघा सरळ कर. ऑपरेशननंतर पाय वाकवताना मला तोंडाला येईल ते बोलायची. मी ऐकून घ्यायचे आणि आणखी वाकवायचे. दीड वर्ष झटतेय त्या एका गुडघ्यासाठी. आणि आता तो चालायला लागला, तर चालणार तुझ्याबरोबर.

छोटी : मग तूही चल.

ताई : मला कुणी विचारलंय?

छोटी : मी विचारतेय की.

ताई : तू आत्ता विचारतेयस, माझं तोंड बघून. तिने विचारलेलं नाही. जाऊ दे. वरच्या देवळाला पायऱ्या किती?

छोटी : तीनशे चाळीस, दगडी. मधे बसायला दोन कट्टे आहेत. मी आकडा वाचून धास्तावलेच होते. पण मघाशी तू फोनवर होतीस ना, तेव्हा तुझी ती पेशंटच्या व्यायामाची वही बघितली. आईच्या पानावर रोज चारशे पायऱ्या. कालही चारशे. म्हटलं, तीनशे चाळीस म्हणजे हिच्या हातचा मळ.

ताई : वही बघितलीस?

छोटी : उघडीच होती. चढेल ना गं ती?

ताई : चारशे लिहिलेत तर चढेलच.

छोटी : असं खिडकीकडे बघून नको. नीट सांग.

ताई : सांगितलं ना, चढेल. घेऊन जा.

आई : कोण कुणाला घेऊन जातंय?

ताई : आई, तू कधी आलीस? काठी कुठेय?

आई : दाराशी ठेवलीय. हे बूट जमीन चांगली धरतात. तुमचे आवाज पार गल्लीत येतायत. तुझे ड्रायव्हरकाका बाहेर बाकावर बसलेत. म्हणाले, आत घरचं काहीतरी चाललंय, मी थांबतो, खांदा कुठे पळून जात नाही.

ताई : काही चाललेलं नाही. तुझ्या सहलीचं ठरतंय.

आई : ठरलं का मग?

ताई : ठरलं. आई, एक विचारू? रागावून नाही विचारत. बेटाचं मला का नाही बोललीस?

आई : रागावून नाही म्हणतेस आणि नाक तर लाल झालंय.

ताई : बरं, आहे राग. जळतेय मी. शेजारच्या खोलीतली मुलगी सोडून, दिवसभर गाडीत बसावं लागतं एवढ्या लांबच्या मुलीला सांगावंसं का वाटलं तुला?

छोटी : ताई, तिला कशाला उगाच त्यात ओढतेस?

आई : बोलू दे. दीड वर्षात पहिल्यांदा गुडघा सोडून काहीतरी विचारतेय मला. हे बघ, तुझ्यासमोर मला दमता येत नाही.

ताई : म्हणजे काय?

आई : मी जिन्यावर थांबले की तुझा चेहरा पडतो. तू बोलत नाहीस, पण पडतो. मग मी आणखी दहा चढते. ते दहा तुझ्यासाठी असतात. गुडघ्याला त्यांचं काही नसतं. तिकडे मला दमायचंय गं. वाटेत कुठेही बसायचं, पाय पसरायचे, धापा टाकायच्या. ही काही म्हणणार नाही. हिला त्यातलं कळतंय कुठे काही?

छोटी : वा. म्हणजे मी अडाणी म्हणून माझी निवड झाली.

आई : तसं समज.

ताई : मला वाटायचं, तुला आवडतं. आकडा सांगितला की हसायचीस.

आई : आवडतंच. चारशे म्हणजे काय चेष्टा आहे? पोस्टातल्या बाईलाही मी ऐकवलं, चारशे चढते म्हणून. तिचं तोंड बघायला हवं होतंस. त्या चारशेच्या जोरावर तर बेटाचं धाडस केलं मी. नाहीतर कुठली जाते.

ताई : त्याच्या जोरावर?

आई : मग आणखी कशाच्या?

ताई : छोटे, तो नकाशा गुंडाळ.

छोटी : का? आता काय झालं?

ताई : आई, तू आधी खुर्चीत बस. टेक नीट. तो कोपऱ्यातला लाकडी जिना बघ, तुझा रोजचा. त्याची पायरी चार इंचांची आहे. मुद्दाम तशी करून घेतात, पेशंटने घाबरू नये म्हणून. देवळाची दगडी पायरी नऊ इंच असते, जुनी असली तर त्याहून उंच. पाय दुपटीहून जास्त उचलावा लागतो. आणि इथे चार चढलीस की चार उतरतेस, मधे श्वास मिळतो. तुझे चारशे म्हणजे तिथले पावणेदोनशे. तेही होतील की नाही, सांगता येत नाही.

छोटी : तू आत्ता म्हणालीस, चढेल.

ताई : म्हणाले.

छोटी : मी दोनदा विचारलं तुला.

ताई : दोन्ही वेळा खोटं बोलले. वाटलं, जाऊ देत. दीडशेव्या पायरीवर बसतील, वर जाता येणार नाही, खाली उतरता येणार नाही, मग मला फोन येईल. ताई, आता काय करू? तो फोन ऐकू येत होता मला. बरं वाटत होतं ऐकायला.

छोटी : आणि ती पडली असती म्हणजे?

ताई : तेवढं डोक्यात आलं नाही. कमोडची दांडी डोक्यात आली, उशी आली, आणि हे नाही आलं.

छोटी : लाज वाटायला हवी तुला.

ताई : वाटतेय.

आई : म्हणजे माझे चारशे खोटे?

ताई : खोटे नाहीत, आई. लहान आहेत.

आई : एवढे दिवस बोलली नाहीस.

ताई : सुरुवातीला खरी उंची दाखवली असती, तर तू पायच टाकला नसतास. नंतर आकडा ऐकून हसायला लागलीस. मग सांगवेना. दिवसभरात तेवढंच एकदा हसायचीस माझ्याकडे बघून.

आई : त्या पोस्टातल्या बाईला आता काय सांगू मी?

छोटी : ते राहू दे गं. आपण खालचं देऊळ बघू, पायवाटेने फिरू. वर नाही गेलो तर काय बिघडलं?

आई : बिघडतं. तू प्रत्येक गोष्टीला चालेल म्हणू नकोस. मोठे, किती राहिल्या मग माझ्या?

ताई : निम्म्याच्या आसपास.

आई : होतील?

ताई : होतील, पण लगेच नाही. छोटे, दोन महिने दे मला. हा लाकडी जिना आजपासून बंद. उद्यापासून बाहेरचा, इमारतीचा. तो सात इंची आहे. शेवटचे पंधरा दिवस पाण्याच्या टाकीकडच्या दगडी पायऱ्या, त्या बरोबर नऊच्या भरतात. मी तिला तयार करून देते. मग ने.

छोटी : बोट मी पुढची घेते, त्याचं काही नाही. पण दोन महिने घाम गाळणार तू, आणि नेणार मी.

ताई : ते कळतंय मला. बोलून दाखवू नको, परत जळायला लागेन.

आई : पण चेहरा पाडायचा नाही हं.

ताई : मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

आई : हां, तशी राहा. मी जरा तो बाहेरचा जिना बघून येते.

ताई : आत्ता?

आई : चढत नाही, नुसती बघते. दीड वर्ष त्याच्या बाजूने जातेय, कधी नीट पाहिला नाही. आणि त्या ड्रायव्हरकाकांना पाठवते आत, किती वेळ बसतील बिचारे.

(आई बाहेर जाते. काठी दाराशीच राहते.)

छोटी : काठी विसरली.

ताई : असू दे. इकडे ये, या जिन्यावर. काका यायच्या आत दाखवते. उतरताना तू खालच्या पायरीवर, तिच्याकडे तोंड करून. तिचा हात तुझ्या खांद्यावर. तू तिला धरायचं नाही, तिने तुला धरायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. म्हण.

छोटी : चढताना चांगला, उतरताना ऑपरेशनचा.

ताई : परत म्हण. तिथे घाईत उलटं करशील.

छोटी : चढताना चांगला, उतरताना ऑपरेशनचा.

ताई : तू नीट उभी राहा. ती थांबली की तू समुद्राकडे बघायचं, तिच्याकडे नाही. दमलीस का, असं विचारायचं नाही. बसली तर बसू द्यायचं. घड्याळ बघायचं नाही.

छोटी : हे तर तुलाही आत्ताच कळलं.

ताई : म्हणून तर विसरायच्या आत सांगतेय.

छोटी : वर पोचलो की फोन करू तुला?

ताई : नको.

छोटी : फोटो तरी पाठवते.

ताई : फोटोही नको. आणि तिच्यासमोर, ताई असती तर किती बरं झालं असतं, असलं काही बोलू नकोस. कबूल?

छोटी : कबूल.

ताई : पण तिने आपणहून माझं नाव काढलं, तर मला सांग. कितव्या पायरीवर काढलं, तेही.