हर्णैचा वारा, बहादरपुरची केळी

अलका : वर म्हणजे कुठे वर?

अनिकेत : आकाशात, मम्मी. पॅराशूटच्या छत्रीला बांधून बोटीमागे सोडलेत.

अलका : रश्मीच्या वडिलांना?

अनिकेत : सांगून आले का ते? बहादरपुरहून थेट हर्णैच्या किनाऱ्यावर. म्हणे, हवामान खात्याचं ऑफिस दाखवा. ऑफिस कुठून आणू? म्हटलं, आमचे अधिकारी वर जाऊनच वारा मोजतात. तर म्हणे, जावई जे काम करणार, ते सासरा आधी करून बघणार.

अलका : आणि तू पाठवलंस.

अनिकेत : अधिकारी तू केलंस मला. मी फक्त पुढे रेटलं.

अलका : मग काय सांगायचं होतं? पतंग उडवणाऱ्याला इथं कोणी पोरगी देत नाही, तू तर माणसं उडवतोस.

अनिकेत : आणि माझा रोजचा वाऱ्याचा, भरतीचा अंदाज गावच्या ग्रुपवर कोण टाकतं?

अलका : लोकांना पटायला नको? वारा तो वाराच ना.

अनिकेत : तो हर्णैचा आहे, मम्मी. अख्खं गाव हर्णैच्या वाऱ्यावर केळीला टेकू देतंय.

अलका : एकाचीही तक्रार नाही. फक्त गिरधरभाऊ भरतीच्या टायमाला तापीवर जाऊन बसले होते. म्हणाले, आज भरती लेट दिसतेय.

अनिकेत : थांब, वरून काकांचाच फोन. तुलाही जोडतो. काका, ऐकू येतंय?

वामन : पक्कं येतंय, साहेब. फोन गळ्यात, आवाज कानात. अलकाताई, नमस्कार.

अलका : नमस्कार, भाऊ. जेवलात का?

वामन : जेवलो होतो. वर आल्यावर लक्षात आलं.

अनिकेत : काका, आता खाली घेतो. वारा चढतोय. दुपारनंतर येणार होता, आत्ताच आला.

वामन : नाही, साहेब. यंत्र शून्य दाखवतंय.

अलका : कोणतं यंत्र?

वामन : साहेबांनी दिलं ना. गोल तबकडी, खाली नळी. मघापासून नळी वाऱ्यात धरून बसलोय, काटा हलायला तयार नाही. साऱ्या गावची केळी या आकड्यावर उभी आहे. आकडा घेतल्याशिवाय मी उतरत नसतो.

अनिकेत : दोन्ही हातांनी पट्टे धरा, काका.

वामन : एका हातात यंत्र आहे.

अलका : अनिकेत, कसलं यंत्र आहे रे ते?

वामन : छत्री तिरपी झाली, साहेब. पाय माझ्या डोक्याकडे चाललेत. काटा मात्र शून्यावर. सरकारी यंत्र खोटं थोडंच बोलेल?

अलका : सांग त्यांना.

अनिकेत : मम्मी, मग लग्न…

अलका : माणूस वर लटकलाय. सांग.

अनिकेत : काका, ते टायरमधली हवा मोजायचं आहे. माझ्या मोटरसायकलच्या डिकीतलं. मी अधिकारी नाही. लोकांना पट्टे बांधतो, वर सोडतो, खाली घेतो. रश्मीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.



वामन : म्हणजे मला कोणी बांधलंय?

अनिकेत : मी.

वामन : आणि वारा चढतोय, हे कोण म्हणतं?

अनिकेत : मीच. लाटांची टोकं पांढरी पडलीत. यंत्र फेका.

वामन : समुद्रात?

अनिकेत : समुद्रात. दोन्ही हात पट्ट्यांवर. पाय पुढे, खुर्चीवर बसल्यासारखे.

वामन : तुझं का ऐकू? आत्तापर्यंत खोटं बोलत होतास.

अनिकेत : हो. आत्तापर्यंत.

अलका : भाऊ, अधिकारी मी बनवला. दोर बांधायचं काम त्याचं खरं आहे. ऐका त्याचं.

वामन : फेकलं.

अनिकेत : बोट हळू केलीय, दोर गुंडाळतोय. झोत येतोय, घट्ट धरा. पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा. अजून थोडं. पाय वर. वर, काका. वरच ठेवा.

अलका : काय झालं? भाऊ? अनिकेत, बोल ना.

अनिकेत : आले. बोटीत बसलेत.

अलका : काही म्हणतात का?

अनिकेत : म्हणतात, ग्रुपवर सगळं खरं लिहा. तुम्ही स्वतः.

अलका : लिहिते. आणि रश्मीचं?

अनिकेत : त्यावर बोलत नाहीत. पट्टे सोडले मी, पण माझा हात धरलाय, तो काही सोडत नाहीत.

अलका : मग तूही सोडवून घेऊ नको.