चाचणी कोण घेणार

मंगळवारी सकाळी नऊ वाजता, धावपट्टीलगतच्या तपासणी कार्यालयात मी माझ्या पाळीची वाट पाहत असताना, खिडकीपाशी उभ्या असलेल्या दोन भावांचे हे बोलणे माझ्या कानी पडले.

“दादा, विमान आपण दोघांनी मिळून घरी तयार केलं. उडवतोस मात्र दरवेळी तू, आणि मी खालून बघत बसतो.”

“परवाना आधी मला मिळाला, म्हणून. रोटरी इंजिन खोलून तू नव्यासारखं केलंस ना? मग ठीक असल्याची सही कर. मी चाचणीची एक फेरी मारून येतो.”

“ही घे सही. मार फेरी.”

“तोंड कशाला पाडतोस? आता परवाना तुझ्याकडेही आहे. जा, आज तूच उडव.”

“मी? मग अर्धा तास थांब. इंजिनाचे बोल्ट एकदा तपासून घेतो.”

खिडकीमागच्या तपासनीस बाईंनी सहीचा कागद परत सरकवला.

“आज हे विमान कोणीही उडवणार नाही.”