पेठेकडचा वॉल्व्ह

(अलिबाग तालुक्यातलं किनाऱ्याकाठचं एक गाव. टेकडीवरच्या टाकीतून आलेली पाइपलाइन जिथे पेठेकडे आणि बंदरवाडीकडे अशा दोन वाटांनी फुटते, तिथलं वॉल्व्हचं चेंबर. सकाळचे दहा. वॉल्व्हमन अंबाजी शुक्रवारी निवृत्त होतोय. त्याच्या जागी लागलेली किशोरी काम शिकतेय.)

किशोरी : मग चाक फिरवून वॉल्व्हचा काटा अर्ध्यावर आणला तर पाणीही अर्धंच यायला पाहिजे ना?

अंबाजी : वाटतं तसं, पण व्हत न्हाय. आत ताटासारखी तबकडी हाय. पाइपात आडवी बसली की बंद, फिरून धारेच्या बाजूला झाली की उघडी. पहिल्या फेऱ्यांना पाणी जेमतेम येतं. मधल्या फेऱ्यांना एकदम वाढतं. शेवटी चाक कितीबी फिरव, काय फरक पडत न्हाय. म्हणून काटा बघायचा आणि कानबी लावायचा.

किशोरी : कानाला काय कळतं?

अंबाजी : सगळी उघडी असली तर नुसती सरसर. बोटभर फट ठेवलीस तर आत खडी घोळल्यावानी वाजतं. फटीतून पाणी लय जोरात सुटतं, तबकडीच्या मागं बुडबुडे होतात नि फुटतात. ते फुटणं रबर खातं, मग लोखंडबी खातं. हा वॉल्व्ह एक तर सगळा उघडायचा, न्हायतर सगळा बंद करायचा. फटीवर ठेवायला तो केलेलाच न्हाय.

किशोरी : कुडाजवळ पडलाय तो जुना. पेठेच्या लाइनीवरचा तोच ना?

अंबाजी : चल, तुला बंदरवाडीची लाइन दाखवतो.

किशोरी : काका, थांबा. माझा नवरा गेल्यापासून दीड वर्ष मी तुमच्याशी बोलले नाही. शुक्रवारी तुम्ही जाल, मग मला कोण सांगणार? त्या दिवशी तुम्ही वॉल्व्ह बंद केला होता का नव्हता?

अंबाजी : केला व्हता. काटा बंदवर व्हता, चाक पुढं सरकत नव्हतं.

किशोरी : गाव तर म्हणतं अंबाजीने अर्धवट फिरवला आणि विनेशला खड्ड्यात उतरवलं. चौकशीला आले तेव्हा तुम्ही मान खाली घालून बसला होतात. मी समोर होते.

अंबाजी : ये, बघ मग. हात लाव. ही रबराची कड. हितून हितपर्यंत.

किशोरी : नाहीच आहे इथे. उंदराने कुरतडल्यासारखं झालंय.

अंबाजी : वॉल्व्ह काढला तवा मी पहिल्यांदा बघितलं. तबकडी बंद झालीवती, पण हितनं पाणी जातच व्हतं. पुढं पेठेच्या वळणावर पाइप फुटलावता. विनेशनं पुरुषभर खड्डा खणला. सगळी वाळूच तिथं. फुटका तुकडा कापल्यावर पाणी थांबंना. तो म्हणाला, मागं साठलेलं असेल, निघून जाईल. अर्धा तास वाट बघितली. त्यात वाळूच्या कडा आतनं भिजत गेल्या. तो वाकून जोड बसवत व्हता, नि डाव्या अंगाची सगळी भिंत खाली आली. आम्ही चौघांनी हातानं उपसली. तुला ठाव हाय.

किशोरी : हो.

अंबाजी : पण माझी चूक हायच. वॉल्व्हच्या पुढं एक निचऱ्याचा नळ असतो. माणूस उतरवायच्या आधी तो उघडायचा, धार थांबेतो थांबायचं. थांबली न्हाय तर वॉल्व्ह धरत न्हाय, मग टाकीवरनंच पाणी तोडायचं. सव्वीस वर्षं केलं. त्या दिवशी पेठेत हळद व्हती, माणसं डोक्यावर उभी. मी काटा बघितला नि म्हटलं, उतर. चौकशीत काय सांगू? वॉल्व्ह खराब म्हणून हात झटकू? ‘उतर’ मीच म्हणालो.

किशोरी : रबर असं झालं कसं पण? बसवून किती वर्षं झाली होती?

अंबाजी : तीन.

किशोरी : एवढ्यात?

अंबाजी : फटीवर ठेवलावता. दोन वर्षं, रात्रंदिवस.

किशोरी : कोणी सांगितलं?

अंबाजी : साहेबांचा तोंडी हुकूम. जाऊ दे ते.

किशोरी : का सांगितलं त्यांनी?

अंबाजी : पाणी वाटायला. पेठ खाली हाय, सगळं पाणी तिकडंच पळतं. तिकडं आवळलं तरच बंदरवाडीला चढतं.

किशोरी : कधीपासून, काका?

अंबाजी : झाली की वर्षं.

किशोरी : शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, हो ना? आम्ही ऑफिसात जाऊन बसलो होतो. बंदरवाडीच्या चाळीस बायका. मीच गोळा केल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून पाणी आलं. विनेश हसून म्हणाला, तू नेता झालीस.

अंबाजी : म्हणून सांगत नव्हतो.

किशोरी : तेव्हापासून मी ते पाणी भरतेय.

अंबाजी : पाणी मागणं गुन्हा न्हाय, पोरी. तुम्ही पाणी मागितलं, वॉल्व्ह कसा ठेवायचा ते न्हाय सांगितलं. फटीवर चालणारा वेगळा वॉल्व्ह असतो, तो बसवायचा व्हता. विनेशनंच खडीचा आवाज पहिल्यांदा ओळखला. माझ्या नावानं अर्ज त्यानंच लिहिला, मला कुठं एवढं लिहिता येतं. ऑफिसात म्हणाले, बघू. त्यानंतर दोनदा विचारलं, तरी बघूच.

किशोरी : मला काही बोलला नाही तो.

अंबाजी : मी म्हटलं त्याला, घरी सांग. तर म्हणाला, तिला कळलं तर ती स्वतः जाऊन पाणी बंद करायला लावेल, नि आई पुन्हा विहिरीवर जाईल.

किशोरी : लावलंच असतं.

अंबाजी : पाणी पी जरा.

किशोरी : नको. हा नवा कितीवर आहे आता?

अंबाजी : बोटभर.

किशोरी : अजूनही?

अंबाजी : हुकूम बदलला न्हाय.

किशोरी : आणि शुक्रवारनंतर तो मी पाळायचा. सगळा उघडून, मग सगळा बंद करून, पाळीपाळीने पाणी दिलं तर?

अंबाजी : देता येतं. सकाळी पेठ, दुपारी बंदरवाडी. पण तुझ्या वाडीला तीनच तास मिळंल. आता दिवसभर येतं. त्याच बायका तुझ्या दारात येतील.

किशोरी : येऊ देत. मी त्यांना इथे आणेन, हे रबर हातात देईन. साहेबांना लेखी कळवते, आणि मला लेखीच उत्तर द्या म्हणते. मिळेपर्यंत फटीवर ठेवणार नाही.

अंबाजी : नोकरी नवी हाय तुझी.

किशोरी : माहीत आहे.

अंबाजी : मग मीबी सही करतो. शुक्रवारपतुर माझीबी चालते.

किशोरी : काका, आज दुपारी घरी या.

अंबाजी : तुझ्या घरी? बाराव्याला आलोवतो. तुझ्या सासूनं, सोनूबाईनं, दार लावून घेतलं. चुकलं न्हाय तिचं.

किशोरी : आज मला सांगितलंत ते सगळं त्यांना सांगा. निचऱ्याच्या नळाचंही. बायका नेल्या ते मी सांगेन.

अंबाजी : ऐकंल ती?

किशोरी : माहीत नाही.

अंबाजी : नि उठून गेली तर?

किशोरी : तर आपण दोघं बसून राहू. दुपारी त्या कुठे लांब जात नाहीत, येतील परत.