नकाशात नसलेली भिंत

...नाही, पण मी म्हणतो, उभी भिंत पाडा असं सांगणारा माणूस कधी त्या टेकडीखाली उभा राहिलाय का? तुम्हाला सांगतो, शाळेमागच्या रस्त्याचं काम माझ्याकडे, सरकारी काम, खोदतोय तर वरची माती भुसभुशीत, सारखी घसरतेय, खाली पोरं खेळतायत आणि नकाशात भिंतच नाही! इंजिनियरसाहेब चिखलात उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, म्हणाले, ‘अहो, बघत काय बसलात, बांधून टाका, कागद मागाहून येईल.’ बांधली. कागद? आला की... ‘विनापरवाना भिंत स्वखर्चाने पाडावी.’

म्हटलं, जातो कोर्टात. तर साहेब अगदी मऊ आवाजात, ‘कोर्टबिर्ट कशाला, तडजोड समिती आहे ना, आपसात मिटवू.’ बायकोही म्हणाली, ‘अहो, मिटतंय तर मिटवा, सारखी कूस बदलता, मलाही झोप नाही.’ खरंच नव्हती हो. डोळा लागला की माती घसरायची, शाळेवर.

गेलो समितीपुढे. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ‘लेखी आदेश?’ म्हटलं, तोंडी होता, हे काय, समोरच बसलेत. साहेब छताकडे बघत, ‘तसं काही... स्मरत नाही.’ मी उसळलो, तर अध्यक्ष, ‘शांत व्हा, आपसात मिटवू,’ आणि तेवढ्यात त्यांच्या चहात टपकन काहीतरी पडलं. प्लॅस्टर! वर बघतो तर अख्खा पोपडा, हा एवढा, त्यांच्या टकलावर लोंबतोय. अध्यक्ष मला म्हणतात, ‘तुम्ही बांधकामातले ना? एवढं जरा बघून टाका, कागद मागाहून देऊ.’

आता शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. पण खाली माणूस बसलाय हो... मी चढलो टेबलावर, सैल पोपडा ठोकून खाली पाडला.

आता समितीपुढे वाद दोन. भिंत कोणाच्या सांगण्यावरून बांधली आणि छत कोणाच्या परवानगीने फोडलं? छतासाठी वेगळी उपसमिती, तिचा अहवाल आल्याशिवाय भिंतीचा निकाल नाही. मी चरफडत कारकुनाला विचारलं, तोवर भिंतीचं काय? मान वर न करता म्हणाला, ‘वाद मिटेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही.’

कोणी हात लावायचा नाही... तुम्हाला सांगतो, घरी जाऊन मी जो झोपलो, बायको दोनदा हलवून बघून गेली.

परवा साहेब भेटले. ‘काय मग, आपसात मिटवायचं ना?’ म्हटलं, मिटवू की साहेब... घाई काय आहे?