बाप्पाचे डोळे

पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याची गाडी लागायची होती. बाकावर शाळेतल्या एक बाई आणि हमरापूरची एक आई बसल्या होत्या. तिची मुलगी या बाईंच्याच वर्गात असावी.

"बाई, आज जीव थाऱ्यावर नाय माझा."

"काय झालं गं?"

"पालकसभेत तुम्हीच बोललात, पोरांच्या हातातलं काम ओढून घेऊ नका, चुकूंदे त्यांना."

"मग! वर्गात मीसुद्धा कुणाच्या चित्राला हात लावत नाही."

"म्हणून आज सायलीला मूर्तीचे डोळे आखायला दिले. पहिल्यांदाच. आमच्या गणपतीच्या कारखान्यात एकटी बसलीय."

"शाबास! आणि तू इथे?"

"समोर राहिले असते तर ब्रश हिसकावला असता. रंग आणायचं निमित्त करून निघाले. पण डोळा तिरपा गेला तर वो? सगळा चेहराच बिघडतो."

"बिघडू दे. पोर तर शिकेल!"

"व्हय, पण मूर्ती बुकिंगची हाय. डोळे आखायची तेवढीच एक उरलेली."

"कुणाची?"

"तुमच्याच घरची, बाई."

रोह्याची गाडी लागली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"फोन लाव तिला. अजून सुरू केलं नसेल."