हजेरीतली होळी

गिरधरशेठ : ते व्हयनं. आग इझाडानं लाल सिलेंडर दारजोडे शे, मलमपट्टीनी पेटी मन्ह्या टेबलवर शे. पुढला सवाल सांगा, सदफताई.

सदफ : पेटी तुमच्या टेबलावर, आणि ऑफिसला पाच वाजता कुलूप. मिरचीची गिरणी आठपर्यंत चालते. मधल्या तीन तासांत कोणाला लागलं तर?

गिरधरशेठ : तुमले सल्ला देवाले बलावं, उलटतपासणी कराले नही. बरं, पेटी गिरणीमा लावस. लिखा.

सदफ : मास्क?

गिरधरशेठ : पन्नास शेतस, कपाटमा, एकदम नवा. सोमवारे तपासणीवाला साहेब येतीन, तवय वाटसू. आतेच वाटी दिनात त मिरचीनी भुकटी बसीसन लाल व्हई जातीन.

सदफ : लाल व्हायलाच असतात ते, शेठ. मग आत्ता बाया तोंडाला काय बांधतात?

गिरधरशेठ : पदर. मन्हा आजाना येळपाइन तेच चालस.

सदफ : आणि पट्ट्यावरची जाळी? येताना मी पाहिलं, चाक उघडंच फिरतंय.

गिरधरशेठ : भुकटी अडकस तिन्हामा. रोज चार बोल्ट खोला, झाडा, परत कसा. कट्टाळीसन मीच काढी ठेवी. सोमवारे बसाडी देसू.

सदफ : म्हणजे सगळं सोमवारपुरतं. अपघाताचं रजिस्टर दाखवा.

गिरधरशेठ : हाई देखा. सहा वरीस व्हयनात, एक वळ लिखेल नही. कोरं करकरीत.

सदफ : कोरं रजिस्टर पाहून साहेब खूश होत नाहीत. ते लगेच हजेरीचं पुस्तक मागतात. मीही तेच बघतेय. ही रमिलाबाई कोण? आठ दिवस तिच्या नावापुढे 'होळीसाठी गावी' लिहिलंय.

गिरधरशेठ : डोंगरवरली बाई शे. त्यासनी होळी मोठी ऱ्हास. बठ्ठ्या जातस.

सदफ : होळीला अजून बारा दिवस आहेत. आणि तिच्या गावच्या बाकी सगळ्या जणी आज कामावर आहेत.

गिरधरशेठ : ताई, एक इचारू? समजा, बाईले थोडं लागनं आनि ती सोताहून घर गयी. तेबी लिखनं पडस का?

सदफ : लागल्यामुळे अठ्ठेचाळीस तासांच्या वर कामावर येता आलं नाही, तर लिहायचं, आणि सरकारी कार्यालयाला कळवायचंही. ती स्वतःहून गेली की कोणी पाठवली, याने काही बदलत नाही.

(दारात रमिलाबाई येऊन उभी राहते. उजवा हात फडक्यात बांधलेला.)

रमिलाबाई : शेट, मी आली. उद्यापासून कामावर घे.

सदफ : रमिलाबाई तुम्हीच का? हाताला काय झालं?

रमिलाबाई : तू सरकारी बाई आहे का? काही नाही झालं. पदर ढिला होता, पट्ट्यात गेला. ओढाया गेली तं दोन बोटं सापडली. चुकी माझी. कागदावर नको लिहू, बाई. लिहिलं तं शेट म्हणेल, हिचा हात बाद झाला. मग मला काम कोण देईल?

सदफ : मी सरकारी नाही, शेठनीच मला बोलावलंय. पण शेठ, हे उत्तर माझ्याकडे नाही. ते तुम्ही द्या.

गिरधरशेठ : कामले कोन नही म्हनस, रमिलाबाई? हात बरा व्हऊ दे. तुन्ही जागा तुन्हीच शे, तवपर्यंत पगारबी चालू ऱ्हाई. ताई, द्या ते रजिस्टर, मीच लिखस. नाव लिखं. तारीख लिखी. कारण... पदर पट्टामा अडकना.

सदफ : का अडकला?

गिरधरशेठ : चाकवर जाळी नव्हती.

सदफ : का नव्हती?

गिरधरशेठ : मी काढेल व्हती. हाई देखा, तसंच लिखं. आते मशीन बंद करस. जाळी बसशे तवयच चालू व्हई.

रमिलाबाई : म्हणजे चुकी माझी नव्हती, शेट?

गिरधरशेठ : नव्हती, बाई.

रमिलाबाई : मी तं जाताना बाकी बायांना सांगून गेली, माझ्यासारखा पदर ढिला नका ठेवू.